मेंदू बदलताना



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनसमोर फार वेळ बसू नका असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून गप्प होते. पण आजचा विषय काही केल्या डोक्यातून जात नाही.

विषय ऐकून हसाल. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलेली, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई आज चक्क सर्व्हरमधला प्रोसेसर कसा काढतात आणि दुसरा कसा बसवतात, यावर लिहिणार आहे! पण घाबरू नका, लेख इतिहासाचाच आहे. मोठ्या इतिहासाचा थोडा, आणि माझ्या स्वतःच्या एका जुन्या निकालाचाही.

झाले असे. इथल्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरातल्या एका शिक्षणसंस्थेत मी आठवड्यातून दोन दिवस जाते. (शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. जुन्या आठवणी येतील तिथे माझ्या हातून 'औरंगाबाद' लिहिले जाईल, सवयीचा भाग.) त्याच वर्षी मराठवाड्यात जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला आणि शाळांच्या कपाटातली जनरल रजिस्टरे एकदम मोलाची झाली. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, आजोबांच्या प्रवेशाची नोंद मागतात. कुणाची जन्मतारीख, कुणाची जात, कुणाच्या गावाचे नाव. पाने हातात धरली तरी तुटतात, म्हणून संस्थेने ती स्कॅन करून ठेवली आहेत. जुने अक्षर लावून द्यायला माझ्यासारखी रिकामी म्हातारी उपयोगी पडते.

हे सगळे एका सर्व्हरवर आहे. आणि या जानेवारीत तो सर्व्हर दिवसातून दोनदा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा असल्या यंत्रांची देखभाल करतो. त्याला बोलावले. मी म्हटले, "अरे, मला बघू दे की." तो म्हणाला, "बस ना मावशी, पण हात लावू नकोस कशाला."

मी बसले. आणि मग जे पाहिले, त्यावरून घरी येऊन वाचत गेले. आधी वाचलेले सांगते.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, हे आता शाळेतले पोरही सांगते. पण सुरुवातीला हा मेंदू एका जागी नव्हताच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४५ च्या अखेरीस एनिअ‍ॅक हे यंत्र तयार झाले. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आपल्या जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे ना, तसे! दिवा सुरू करताना किंवा बंद करताना जाण्याचा धोका जास्त, म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही असा शिरस्ता पडला. एखादी ट्यूब गेली की हजारोंतून ती नेमकी शोधायची आणि नवी बसवायची. मेंदू बदलायचा तो असा, एकेक पेशी करून.

आपल्याकडेही हे झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी १९५५ च्या सुमारास एक प्रायोगिक यंत्र बांधायला घेतले. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत सुरू झाले. म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जन्माआधी तीन महिने! १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यात सुमारे २७०० ट्यूब होत्या आणि स्मरणशक्ती होती २०४८ शब्दांची. आज मी हा लेख लिहिते आहे तो जवळपास तेवढ्याच शब्दांचा होईल. बांधणारेच दुरुस्त करणारे होते, त्यामुळे यंत्र बिघडले तर आपण कुठे काय जोडले आहे हे त्यांना पाठ असे.

पुढे ट्रान्झिस्टर आले, आणि १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ नावाची चिप काढली. २३०० ट्रान्झिस्टर, सगळे नखाएवढ्या तुकड्यावर. मेंदू एकदम मुठीत आला. त्याचबरोबर त्याच्या आत बघणे मात्र संपले. आता बिघाड झाला तर आतला दिवा बदलता येत नाही. सबंध चिप चांगली किंवा सबंध चिप वाईट.

याची खरी परीक्षा १९९४ मध्ये झाली. पेंटियम प्रोसेसर नुकताच आला होता. (त्याच्या निर्मितीत मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. म्हणजे आमच्याच पिढीतले!) व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. जुळ्या मूळ संख्यांवर काम करताना त्यांच्या उत्तरांत बारीकशी चूक येऊ लागली. आपण असतो तर काय म्हटले असते? आपलेच काहीतरी चुकले! त्यांनीही आधी आपलाच प्रोग्रॅम तपासला. मग यंत्राचे इतर भाग. एकेक शक्यता बाद करत गेले. जुन्या ४८६ यंत्रावर तेच गणित बरोबर येत होते. काही महिन्यांनी त्यांची खात्री पटली की दोष पेंटियमच्या भागाकारात आहे. चिपच्या पोटात एक कोष्टक होते, त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या.

कंपनीने आधी काय म्हणावे? ज्यांना खरोखर गरज आहे असे दिसेल त्यांनाच प्रोसेसर बदलून देऊ. लोक भडकले. शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला बदलून द्यायचे जाहीर झाले आणि कंपनीने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. हे शक्य झाले कारण तोवर प्रोसेसर सॉकेटमध्ये बसत होता. दांडी वर केली की चिप सुटते, खाली केली की घट्ट.

आणि आपले पुणे? १९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे कंपनीचा हवा तसा महासंगणक आपल्याला द्यायला नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रमुख डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. तीन वर्षांत, १९९१ मध्ये, परम ८००० तयार झाला. युक्ती अशी की एकच प्रचंड मेंदू बनवायचा नाही. इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर घ्यायचे, ६४ जोडायचे, आणि त्यांच्यात काम वाटून द्यायचे. लग्नघरात शंभर पोळ्या एकटीने लाटण्यापेक्षा दहा जणी बसतात तसे.

मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. परम हे नाव तेच राहिले, मेंदू मात्र बदलत गेला. पुढच्या परममध्ये इंटेलचे आय८६० आले, १९९४ च्या परम ९००० मध्ये सुपरस्पार्क, १९९८ च्या परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४, २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन. चिपा परक्याच होत्या, पण त्या जोडायच्या कशा आणि त्यांच्याकडून काम करून कसे घ्यायचे, हे ज्ञान इथले होते. ज्याला आपल्या यंत्राचे झाकण उघडता येते, त्याचे फारसे अडत नाही.

असो. आता आमच्या सर्व्हरकडे येते.

भाच्याने पहिल्या दिवशी झाकण उघडलेच नाही. मला वाटले होते, येईल आणि लगेच स्क्रू काढायला घेईल. त्याने आधी सगळ्या रजिस्टरांची प्रत दुसऱ्या दोन ठिकाणी घेतली. त्याला संध्याकाळ झाली. मग यंत्राची स्वतःची नोंदवही वाचली. हो, सर्व्हर रोजनिशी लिहितो! कोणत्या वेळी काय बिघडले ते त्यात असते. त्यात लिहिले होते, दोष प्रोसेसर क्रमांक २.

मी म्हटले, "सापडला की चोर! बदल तो."

तो म्हणाला, "मावशी, यंत्र म्हणतंय दोन नंबर. म्हणजे दोन नंबरची चिप का दोन नंबरची जागा, ते कुठं कळलंय अजून? आधी अदलाबदल करून बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्र रीतसर बंद केले. सर्व्हरला विजेच्या दोन केबल असतात, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. एकच काढून भागत नाही. दोन्ही काढल्या, सुरू करायचे बटण एकदा दाबले, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते, आणि पाच मिनिटे थांबला.

मग मनगटाला एक पट्टा बांधला. त्याची तार यंत्राच्या उघड्या धातूला अडकवली. हा पट्टा कशासाठी, तर अंगातल्या विजेसाठी. आमच्या मराठवाड्याची कोरडी हवा तुम्हाला माहीत आहे. थंडीत स्वेटर काढताना कसे चटचट वाजते! ती वीज आपल्या बोटाला जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात म्हणे. चिप मात्र शंभर व्होल्टच्या आतही मरू शकते. म्हणजे आपल्याला कळतही नाही आणि आपल्या हातून इजा होऊन जाते. मी माझी पॉलिएस्टरची साडी सावरून दोन हात मागे सरकले.

झाकण काढले. आत वाऱ्याला वाट देणारे प्लास्टिकचे आच्छादन होते, ते उचलले. त्याखाली दोन हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पत्र्यांचे ठोकळे. त्याचे चार स्क्रू एकदम एक-एक पूर्ण सोडवायचे नाहीत. गाडीच्या चाकाचे नट सोडवतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. नाहीतर एका बाजूचा दाब चिपवर येतो.

स्क्रू निघाले तरी त्याने ठोकळा लगेच उचलला नाही. दोन्ही हातांनी धरून अगदी हळू डावीकडे, उजवीकडे फिरवला. "ओढायचं नाही," तो म्हणाला. "खालची पेस्ट वाळलेली असते. डिंकासारखी धरते. आधी पीळ देऊन सोडवायची."

मग दांड्या सोडवल्या, धातूची चौकट उघडली आणि चिप फक्त कडांना धरून सरळ वर उचलली. खाली सॉकेटमध्ये केसासारखी बारीक टोके. या सॉकेटच्या नावातच २०११ हा आकडा आहे आणि टोकेही तेवढीच! एक जरी वाकले तरी सगळा बोर्ड गेला म्हणायचा. तिथे बोट नाही, कापड नाही, फुंकरसुद्धा नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली. चिपच्या कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा. जुळला की चिप आपल्या वजनानेच बसते. जोर लावावा लागला तर समजावे, आपले चुकते आहे. वरून वाटाण्याएवढी नवी पेस्ट, मग ठोकळा, मग पुन्हा समोरासमोरचे स्क्रू.

अशा रीतीने एकची चिप दोनच्या जागी आणि दोनची एकच्या जागी गेली. यंत्र सुरू केले. रात्रभर चालू दिले.

सकाळी रोजनिशीत लिहिले होते, दोष प्रोसेसर क्रमांक १.

"आता चिपच दोषी," भाचा म्हणाला. "ती जिकडं गेली तिकडं दोष गेला. दोनलाच राहिला असता तर जागा दोषी होती, आणि मी उगाच नवी चिप घेतली असती." अगदी त्याच मॉडेलची चिप मागवली, कारण जोडीतले दोन्ही प्रोसेसर सारखे लागतात. आठवड्याने ती बसवली. आज दोन महिने झाले, सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही.

हे सगळे कौतुकाने पाहावे आणि घरी यावे, एवढेच खरे तर. पण तो हीटसिंक पिळताना जे बोलला ना, "ओढायचं नाही", त्याने माझ्या पोटात खड्डा पडला.

२००३ सालची गोष्ट. औरंगाबादेत मी ज्या शाळेत होते तिथल्या संगणक कक्षाची मी प्रमुख होते. मला येत होते म्हणून नव्हे, दुसरे कुणी तयार नव्हते म्हणून! दहा यंत्रे आणि एक पेंटियम ४, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणायचो. एप्रिलच्या उकाड्यात तो मध्येच बंद पडू लागला. दुरुस्तीला माणूस बोलावला. त्याने झाकण उघडले, पंख्याखालचा ठोकळा धरला आणि जोरात वर ओढला. मी शेजारीच उभी होते. मला आजही दिसते, ठोकळ्याच्या खाली प्रोसेसर चिकटून वर आला होता. त्या प्रोसेसरला तेव्हा पिना असायच्या, ४७८. त्यातल्या काही वाकल्या होत्या.

तो माणूस म्हणाला, "मॅडम, पिना वाकल्यात. पोरांनी उघडलं असणार."

नववीतला एक मुलगा होता. संगणकाचे वेड. आदल्या दिवशी शिपायाने त्याला यंत्राचे झाकण काढून आत काहीतरी करताना पाहिले होते. मी त्याला बोलावले. तो म्हणाला, "बाई, मी फक्त धूळ पुसली." मी विचारले, झाकण काढलेस ना? हो म्हणाला. झाले! कबुलीजबाब मिळाला. वडिलांना बोलावले. खर्चाचे बाराशे रुपये तीन हप्त्यांत त्यांच्याकडून घेतले. ते शहागंजात हातगाडी लावत. मुलाला वर्षभर संगणक कक्ष बंद. मी नोंदवहीत माझ्या सुवाच्य अक्षरात त्याचे नाव लिहून शेरा मारला आणि सही केली.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, त्या सॉकेटचे हे नेहमीचेच. वाळलेली पेस्ट इतकी धरते की दांडी खाली असतानाही ओढल्यावर चिप उपटून येते. यंत्र गरम असताना पीळ देऊन काढायचा असतो. आणि एप्रिलमध्ये बंद पडत होते ते बहुधा धुळीने तापून.

म्हणजे त्या मुलाने धूळ पुसली ती बरोबरच होती.

वर्गात मी किती वेळा सांगितले असेल, मुलांनो, एका साक्षीवर इतिहास लिहू नये, सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे ते बघावे. आणि माझ्या डोळ्यांदेखत चिप उपटून आली, तरी मी ज्याच्या हातून ती उपटली त्याचेच म्हणणे खरे मानले. नाइसली सरांनी काही महिने तपासले. भाच्याने एक रात्र थांबून पाहिले. मी दहा मिनिटांत निकाल दिला.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून नंबर मिळवला. तो आता वाळूजच्या एका कारखान्यात आहे. मी नाव सांगताच ओळखले. मी सगळे सांगितले, माफी मागितली. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, दादा मागच्या वर्षी गेले. ते शेवटपर्यंत म्हणायचे, झाकण काढलंस ना, मग चूक तुझीच. त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं."

पैशांचे विचारले तर म्हणाला, "राहू द्या बाई." मी आग्रह केला नाही. तो आग्रह माझ्याच समाधानासाठी झाला असता.

मागच्या सोमवारी शाळेत गेले. कारकुनाने माळ्यावरून ती नोंदवही काढून दिली. पान तसेच होते, अक्षर माझेच. खोडले नाही. नोंद खोडायची नसते, हे मीच शिकवले आहे. खाली आजची तारीख घातली आणि लिहिले की वरील नोंद चुकीची असून सदर विद्यार्थ्याचा कोणताही दोष नव्हता. सही केली. तिथल्या मुख्याध्यापिका, माझ्याच विद्यार्थिनी, त्यांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. पानाचा फोटो त्याला पाठवला.

त्याचे उत्तर आले, "मुलीला दाखवला, बाई."

मंडळी, तुमच्याही नोंदवहीत असे एखादे पान असेल तर बघा. कळवलेत तर वाचायला आवडेल. डोळे दुखायला लागले, थांबते.

पुन्हा भेटूया.